साडेसहाचा हंडा

अनितावहिनी शेवटी गेल्याच. सकाळी साडेसातच्या रोहा–पेण एसटीने, पोरीला मांडीवर आणि पत्र्याची पेटी पायांशी घेऊन.

पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते सांगितलं नाही असं समजतो. असं काहीही झालेलं नाही. अजून आदल्या दिवशीची संध्याकाळ आहे, १९९६ सालच्या जानेवारीतला रविवार आहे, आणि रोह्यातल्या एका गल्लीच्या तोंडाशी माझ्यापुढे दोनशे चपला पडल्या आहेत.

चपला पाहून मला वाटलं, जेवणावळ असावी. मी पेणहून आलो होतो. पेणला आमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. हातात हत्यारांची पिशवी आणि पोटात नागोठण्याच्या स्टँडवरचा एक वडा, एवढ्या तयारीवर जेवणावळ मला चालली असती.

"काय आहे इथे?" मी एकाला विचारलं.

"हंडा."

"लग्नाचा?"

"मिथुनचा."

"मिथुन कोण?"

"मेला तो."

इतकी सविस्तर माहिती मिळाल्यावर मीही चपला काढल्या आणि आत घुसलो.

साधी खोली. उजव्या हाताच्या भिंतीला लाकडी फळी, फळीवर तांब्याचा हंडा, हंड्याच्या तोंडावर कळशी. दोघांना मिळून पाच हार, बुक्का, हळदकुंकू आणि एक लिंबू. हंड्यासमोर पाटावर वाढलेलं पान: भात, वालाचं बिरडं, पाण्याचा तांब्या. पानामागे पुतळीमावशी बसल्या होत्या, मिथुनची आई. दाराशी बाप, हिरामण. त्यांचं आयुष्य मिठागरात गेलेलं, पायांच्या भेगा पाहिल्या की कळत होतं. आणि मधोमध जगनबुवा.

जगनबुवा आधी धाटावच्या एका कंपनीच्या कँटीनला वाढपी होते. अंगात देव आल्यावर नोकरी सुटली, पण सवय सुटली नव्हती. "एक एक या. ढकलू नका. सगळ्यांना मिलेल," असं ते दर दोन मिनिटांनी म्हणत. काय मिळणार ते सांगत नव्हते.

"मी बोलतो ते मी बोलत नाय," बुवा डोळे मिटून म्हणाले. "माझ्यातून बोललं जातंय. बरोबर आलं तर त्याची किरपा. चुकलं तर ते पन माझं नाय."

माझ्या मागचा एक म्हातारा "वा" म्हणाला. इतकी चोख हमी मी आमच्या दुकानातही कधी देऊ शकलो नाही.

सातला दहा मिनिटं कमी असताना कळशी हलली.

आधी नुसती किर्र केली. मग हंड्याच्या काठावर थरथरायला लागली, किणकिण खळखळ, आणि हारातली फुलं एकेक करून गळायला लागली. कोणी हात लावला नव्हता. जमिनीत काहीतरी घुमल्यासारखं वाटत होतं, पण कुठून ते कळत नव्हतं. लोकांनी हात जोडले. एक बाई चक्कर येऊन पडल्या. पडण्याआधी मागे जागा आहे का ते त्यांनी पाहून घेतलं होतं. आणि खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. काटा शिकलेला नसतो.

"आला," पुतळीमावशी म्हणाल्या. एवढंच. जसं कोणी रोज म्हणावं तसं. आणि त्यांनी भातावर तूप वाढलं.

"आला, पन दारातनं परत जानार," बुवा म्हणाले. "का जातो? कोन अडवतंय? अनिता, इकडं ये. हात लाव."

सून पुढे आली. चोवीस-पंचवीसची असेल. कडेवर तीन वर्षांची पोर, मनस्वी. तिने हंड्यावर तळवा ठेवला.

हंडा गप्प झाला.

"काढ." तिने हात काढला. किणकिण. "ठेव." गप्प. "काढ." किणकिण. असं तीनदा झालं, आणि प्रत्येक वेळी खोलीतले लोक तिच्यापासून वीतभर मागे सरकले. तिसऱ्या वेळी तिच्याभोवती पोळपाटाएवढी मोकळी जागा झाली होती.

"बगा," बुवा म्हणाले. "आई हात लावनार नाय, आईची माया आड येते, ते मी पयल्याच दिवशी सांगितलं. बायको हात लावते तर तो गप. दहाव्याला कावला शिवला नव्हता, तो का नाय शिवला ते आज कललं. ही उंबऱ्याच्या आत हाय तवर पोरगा आत यायचा नाय."

पुतळीमावशींनी हंड्याकडे पाहिलं. मग सुनेकडे. मग वाढलेल्या पानाकडे. आणि अगदी हळू, वाऱ्यात बसलेल्या माणसाला आत बस म्हणावं तशा मायेच्या आवाजात म्हणाल्या,

"तू जा गो आता."

अनितावहिनी वळल्या. पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आतल्या खोलीत गेल्या.

मला तिथे काही काम नव्हतं. माझं काम शेजारच्या घरी होतं.

शेजारचं घर ताजुद्दीनचाचांचं. दोन्ही घरांची भिंत एकच, सामाईक. चाचा अठरा वर्षं बहरीनला समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात पंपाच्या खोलीत होते. तिथे कानातले बारीक आवाज सगळे गेले. शरीफाचाचींनी स्वयंपाकघरातून हाक मारली तर ऐकू येत नाही, ट्रक गेला तर छातीला कळतं. नोव्हेंबरच्या अखेरीस ते कायमचे परत आले ते घरात थिएटर घेऊन: मोठा टीव्ही, व्हीसीआर, अँप्लिफायर, पाच छोटे स्पीकर आणि एक काळा खोका, लहान फ्रीजएवढा.

"हाच तो सबूर," चाची म्हणाल्या. "बिघडलाय."

खोक्याचं नाव सबवूफर. चाचींच्या तोंडात त्याचा सबूर झाला होता, आणि गल्लीत तेच नाव चालू होतं. खालचे, जाड आवाज तेवढे काढायचे, एवढंच त्याचं काम. माणसाचं बोलणं, गाणं, यातलं काही त्याला येत नाही. फक्त धडधड आणि घरघर.

"तुला संक्रांतीच्या आधी कार्ड टाकलं होतं, प्रवीण," चाचा म्हणाले.

"तिळगूळ होऊ दे म्हटलं."

"परवापासनं रमजान. मग महिनाभर टेप बंद. म्हनून घाई."

त्यांची तक्रार साधी होती. दुकानात तीन सबूर होते, आतल्या भोंग्याच्या मापाने: आठ इंची, दहा इंची, बारा इंची. चाचांनी बारा घेतला. "अठरा वर्सं राबलो, आठ इंची कशाला घेऊ?"

"खोली केवढी, चाचा?"

"दहा बाय पंधरा."

"एवढ्याशा खोलीला आठ इंची रग्गड झाला असता. हा म्हणजे पडवीत हत्ती बांधलाय."

"हत्ती बांधला ते ठीक. पन वरडत नाय ना. मी हितं खुर्चीत बसतो. विमानांच्या लढाईची टेप लावतो. विमान फुटतं, आन् माझ्या छातीला काय नाय लागत. म्हनून बटन फुल केलं. फुल करून पन नाय."

खुर्ची खोलीच्या बरोबर मधोमध होती. सबूर होता कोपऱ्यात, सामाईक भिंतीला चिकटून. मी हसलो, कारण हे दुखणं मला माहीत होतं. बंद खोलीत जाड आवाज खाडीच्या पाण्यासारखा वागतो. भिंतींपाशी भरती, मधोमध ओहोटी. चाचांनी खुर्ची नेमकी ओहोटीत मांडली होती आणि पाणी का येत नाही म्हणून बटण पिळत होते.

मी पिशवीतून माझी चाचणीची टेप काढली. तिच्यात चित्र नाही, गाणं नाही. नुसता एक सूर, वीस हर्ट्‌झपासून हळूहळू वर चढणारा. चाचांची विमानं बंद केली, माझी टेप लावली आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीला कान लावला. पंचवीस. तीस. पस्तीस. अडतीसला आला तेव्हा भिंत माझ्या गालाखाली घुमायला लागली.

आणि भिंतीपलीकडून शंभर माणसांचा आवाज आला: "आऽऽऽ."

मी चाचांना खूण केली. त्यांनी आवाज कमी केला. पलीकडे उसासा. मी वर करायची खूण केली. पलीकडे "आऽऽऽ."

मी तसाच उकिडवा बसून राहिलो.

"चाची," मी म्हणालो, "पलीकडचा हंडा कधीपासून वाजतो?"

चाची चहाचे कप ठेवून बसल्या आणि सांगू लागल्या. मिथुन धाटावला जनरल शिफ्टला होता. जुनी बुलेट घेतली होती त्याने. सहाला सुटायचा, चहा प्यायचा आणि साडेसहाला गल्लीत वळायचा. बुलेटची धडधड गल्लीच्या तोंडाशी आली की फळीवरची कळशी वाजायची. बुलेट कानाला ऐकू यायच्या आधी हंडा सांगायचा. हंडा वाजला की पुतळी भाताखालचा विस्तव ओढायची आणि म्हणायची, आला.

"मग दसऱ्याच्या आधी धाटावच्या रस्त्याला तो गेला. गाडी पन गेली. हंडा गप झाला. पुतळी साडेसहाला फलीकडं बगत बसायची. आन् मग बग, डिसेंबर लागला तसा एक दिवस साडेसहालाच हंडा वाजला. रडली ती माझ्या गल्यात पडून. बोलली, शरीफा, आला गो माझा."

"रोज वाजतो?"

"लाइट गेली की नाय वाजत. बुवा म्हनतो, अंधारात वाट दिसत नाय त्याला."

"अजून बरोबर साडेसहालाच?"

"नाय, उशीर होतो हल्ली. पावनेसात झालं, आता सातला दहा. पुतळीला काळजी लागली होती. बुवा म्हनला, वरती पन ओव्हरटाइम असतो."

मी चाचांकडे वळलो. "तुम्ही टेप कधी लावता?"

"मगरिबची नमाज पडून, चहा घेऊन."

मगरिब सूर्य बुडाल्यावर. डिसेंबरात सूर्य सहाला बुडत होता, आता वीस मिनिटं उशिरा बुडू लागला होता. मिथुनला ओव्हरटाइम सूर्य देत होता.

"तुम्ही हंडा पाहायला कधी गेलात का, चाचा?"

"गेलो एक दिवस. वाजलाच नाय. बुवा म्हनला, बाहेरचा मानूस आलाय, म्हनून नाय आला. पुतळी म्हनाली, ताजुद्दीनभाई बाहेरचे कशे, मिथुनला सायकल त्यांनी शिकवली. पन मी उठून आलो. परत नाय गेलो."

"त्या दिवशी इथे टेप कोणी लावली होती?"

"मी तिथं, तर हितं कोन लावनार?"

हे बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःचं बोलणं पुन्हा एकदा मनात ऐकलं असावं. बशी खाली ठेवली. सबूरकडे पाहिलं. मग भिंतीकडे.

"म्हंजे तो हंडा मी वाजवतोय?"

आवाज विकत घेतला होता चाचांनी, आणि तो पोचत होता पुतळीमावशींना. बारीक आवाज भिंतीला आपटून परत फिरतो. जाड आवाज भिंतीतून पार होतो, आणि तो कुठून आला हे कानाला सांगता येत नाही. अडतीसच्या आसपास त्या फळीचा आणि हंडा-कळशीचा स्वतःचा थरकाप होता. बुलेटची धडधड तिथेच लागायची. विमानांची घरघरही तिथेच लागली. हंड्याला बुलेट आणि विमान यांतला फरक कळत नाही. हंडा आहे तो.

चाचा उठले आणि तार उपटायला गेले. मी हात धरला.

"आता बंद नका करू. आत्ताच त्यांनी सुनेला जायला सांगितलंय. आत्ता हंडा थांबला तर बुवा म्हणेल, बघा, ती निघाली आणि पोरगा शांत झाला. आणि परवापासून रमजान. महिनाभर हंडा वाजणारच नाही. त्याला याहून मोठा पुरावा कुठला?"

चाचा खोक्याशी बसून राहिले. "हाक मार, मी हाय हितं," म्हणाले. मग आठवण झाली. "हाक नको. ऐकू नाय येनार. भिंतीवर मूठ मार. एक मारली की बंद, दोन मारल्या की चालू."

मी पलीकडे गेलो. माझ्या टेपच्या पुढच्या भागात एकेक सूर बराच वेळ सलग आहे, त्यातला अडतीसचा मी लावून आलो होतो. हंडा अखंड वाजत होता आणि बुवा घामाघूम झाले होते, कारण एवढा वेळ तो कधी वाजत नसे आणि त्यांच्याजवळ बोलायला काही उरलं नव्हतं. एकदा तर ते "ताक संपलं" म्हणाले.

"बुवा," मी म्हणालो, "मला हात लावायचाय."

"तू कोन?"

"पेणचा."

"पेनच्यांनी हात नाय लावायचा."

"का?"

"आंघोल केली हाय काय?"

"सकाळी."

"सकालची नाय चालत."

लोक हसले. दाराशी बसलेले हिरामण उठले. दीड महिन्यात ते एक शब्द बोलले नव्हते असं मला नंतर कळलं. लोकांनी वाट दिली. हिरामणनी मिठाने खाल्लेला हात पुढे केला आणि हंड्यावर ठेवला.

हंडा गप्प झाला.

"बापावर पन राग हाय त्याचा," बुवा म्हणाले.

"माझ्यावर असंल," हिरामण म्हणाले. "जनू, तू लाव."

गल्लीतला जनू वाणी पुढे आला. गप्प. मग सीताबाई, मघाशी चक्कर आलेल्या. गप्प. मग एकेक जण. बुवांचं रोजचं वाक्य आता खरं होत होतं: ढकलू नका, सगळ्यांना मिळेल. ज्याने हात लावला त्याच्या हाताखाली हंडा गप्प झाला. वाजणाऱ्या भांड्याला हात लावला की ते थांबतं. घरोघरी रोज वाटी पडते, घरंगळते, आपण हात ठेवतो, ती थांबते, आणि कोणी म्हणत नाही की वाटी आपल्यावर रागावली.

"तो समद्यांवर रागावलाय," बुवा म्हणाले.

"केवडी रांग हाय. एवड्यांवर रागवायला वेल कुटनं काडला? वरती ओव्हरटाइम करतोय ना तो?" मागून कोणीतरी म्हणालं. हा विनोद मी केला असता तर बरं झालं असतं.

मी भिंतीवर एक मूठ मारली. हंडा थांबला. दोन मारल्या. हंडा वाजला. एक. दोन. एक. मग सांगितलं: पलीकडे ताजुद्दीनचाचांचा खोका आहे, रोज टेप लावतात तेव्हा ही भिंत हलते, लाइट नसते तेव्हा टेप नसते, चाचा इथे आले त्या दिवशी टेप नव्हती. एवढंच आहे. यात कोणी येत नाही आणि कोणी अडवत नाही.

मला वाटलं होतं लोक चिडतील किंवा टाळ्या वाजवतील. ते नुसते कंटाळले. चपला शोधायला लागले. एकाने खोका कितीला पडतो ते विचारलं. जगनबुवांनी नारळ काखेत मारला आणि दारातून वळून म्हणाले, "मी बोललो ते मी बोललोच नव्हतो." हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, त्यामुळे त्यांना धरायला जागा नव्हती.

राहिल्या पुतळीमावशी.

"चालू हाय काय अजून?" त्यांनी मला विचारलं.

"करू का?"

त्यांनी मान हलवली. मी दोन मुठी मारल्या. हंडा वाजला. त्या उठल्या, पदर सावरला आणि दीड महिन्यात पहिल्यांदा त्या हंड्याला हात लावला. दोन्ही हात, तापलेल्या पोराच्या गालाला लावावेत तसे.

हंडा गप्प झाला.

"मी पन अडवला व्हय त्याला?"

"कोनी नाय अडवला गो," हिरामण म्हणाले. "तो येतच नव्हता."

मावशींनी हात काढला नाही. हंड्याकडे बघतच म्हणाल्या, "मला वाटायचं, ह्याला उशीर होतो तर भात गार होतो."

मी तिथे उभा होतो. माझ्या पिशवीत सोळा पेचकस होते.

अनितावहिनी आतल्या दारात येऊन उभ्या होत्या. पाठीमागे पत्र्याची पेटी, तिच्यावर घडी घातलेली दोन लुगडी. मी पुढे झालो, कारण मला वाटलं माझं काम झालंय. "वहिनी, आता जायचं कारण नाही. खोका होता तो. सगळ्यांनी बघितलं."

"बगितलं मी पन," त्या म्हणाल्या. "पन मला जा म्हनून खोका नाय बोलला, भावजी. खोक्याला बोलता येत नाय."

"अनिता," पुतळीमावशी म्हणाल्या. त्यांचा एक हात अजून हंड्यावरच होता.

"आत्या, मी तुमच्यावर रागावले नाय. पन त्या हंड्याला तुमी आदी हात लावून बगायला पायजे होता. मला बोलायच्या आदी. एवडा सबूर नव्हता."

त्या पेटीचं झाकण बसवायला वळल्या. झाकण वाकडं होतं, बसत नव्हतं. शेवटी हिरामणनी येऊन दाबून बसवून दिलं. सासऱ्याने सुनेसाठी एवढंच करायचं राहिलं होतं.

मी परत चाचांकडे गेलो आणि माझं काम केलं. दुसरं काही येत नव्हतं. सबवूफर लावायची खरी पद्धत अशी की खोका खुर्चीवर बसवायचा, सूर चालू करायचा आणि आपण जमिनीवर रांगत खोलीभर फिरायचं. जिथे आवाज भरून आणि सारखा ऐकू येईल ती खोक्याची जागा. मग खोका तिथे, माणूस खुर्चीत. खोक्याने माणसाच्या जागी बसून पाहायचं आणि माणसाने खोक्याच्या. मी आणि चाचांनी ते बारा इंची धूड खुर्चीवर चढवलं आणि मी रांगायला लागलो.

उठून गेलेल्यांपैकी चौघे खिडकीत येऊन बघत होते. खुर्चीवर काळा खोका, त्याच्याभोवती चार पायांवर फिरणारा पेणचा माणूस. त्यातल्या एकाने हळूच हात जोडले.

स्वयंपाकघराच्या दाराजवळ जागा मिळाली, सामाईक भिंतीपासून लांब. खोक्याखाली जुन्या स्लिपरचे रबरी तुकडे घातले म्हणजे थरकाप जमिनीत उतरत नाही. खोक्याने काढायच्या आवाजाची वरची मर्यादा ऐंशी हर्ट्‌झवर ठेवली आणि बटण फुलावरून तिसऱ्या खुणेवर आणलं. विमानांची टेप लावली. चाचा खुर्चीत बसले. विमान फुटलं आणि त्यांचा हात छातीवर गेला.

"आलं," ते म्हणाले. आणि टेप बंद केली.

पलीकडे हंडा वाजला नव्हता. आम्ही दोघांनीही कान भिंतीकडेच ठेवले होते.

रात्री मी तिथेच मुक्काम केला. सकाळी साडेसातच्या पेण एसटीत अनितावहिनी माझ्या पुढच्या बाकावर होत्या. गागोदे बुद्रुकला माहेर. पेणला उतरून गाडी बदलायची. हिरामणनी पेटी चढवून दिली आणि गाडी सुटेपर्यंत कंडक्टरशी पावसाबद्दल बोलत राहिले. जानेवारीत.

एसटीत सगळंच वाजत होतं. काचा, पत्रा, बाकाचे स्क्रू, मागची स्टेपनी. स्टँड सुटला तशी मनस्वीच्या डोक्याशी असलेली खिडकीची काच खळखळायला लागली. पोर झोपेतून उठली, काचेकडे पाहिलं आणि हसली.

"आई, बाबा."

अनितावहिनींनी काचेवर तळवा ठेवला. काच गप्प झाली. नागोठण्यापर्यंत त्यांनी तो काढला नाही.

आता एवढं सांगून मी उपदेश करायला मोकळा आहे. तो मोठा नाही. भांडं वाजलं तर हात लावून बघा. सुनेचाच नाही, बापाचा, आईचा, वाण्याचा, बुवाचाही हात लावून बघा. लाइट गेल्यावर बघा. शेजारी काय चालू आहे ते भिंतीपलीकडे जाऊन विचारा. विचारायला काही पडत नाही. आणि हे सगळं तोंडातून शब्द जाण्याच्या आधी करा. माझ्यासारखं तिळगूळ झाल्यावर नको. मी आठ दिवस आधी पोचलो असतो तर हंडा तेव्हाही असाच गप्प झाला असता, पण वर सांगितलेलं काही घडलं नसतं. खोका सापडतो, तार सापडते, हर्ट्‌झ मोजता येतात. एकदा बोललेलं कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसतं ते रांगूनही सापडत नाही.

एप्रिलमध्ये एकदा कामासाठी रोह्याला गेलो. चाचा म्हणाले, रमजान संपल्यावर पुतळीमावशी एकदा आल्या होत्या. सबूर बिघडला काय म्हणून विचारलं. चाचा म्हणाले नाही. मग थोडा वेळ दारात उभ्या राहून परत गेल्या. चाचांनी त्यानंतर टेप लावलेली नाही.

त्याच दिवशी परतीच्या एसटीत मी एक अर्ज लिहिला, तो खाली देतो. अजून दिलेला नाही, कारण कोणत्या कार्यालयात द्यायचा ते कोणी सांगत नाही.

प्रति,
मा. संबंधित अधिकारी साहेब (जे कोणी असतील ते).

विषय : चार शब्द दप्तरातून कमी करून मिळण्याबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, रविवार दिनांक २१ जानेवारी १९९६ रोजी सायंकाळी सातच्या सुमारास सौ. पुतळी हिरामण, राहणार रोहा, यांनी आपली सून अनिता हिस उद्देशून उच्चारलेले चार शब्द हे हंड्यास हात लावण्यापूर्वी उच्चारलेले असल्याने ते उच्चारलेच नाहीत असे समजण्यात यावे, व तसे अनिता यांस गागोदे बुद्रुक येथे लेखी कळविण्यात यावे. तसेच मिथुन हिरामण यांस जनरल शिफ्ट संपताच थेट घरी सोडण्यात यावे. त्यांना यापुढे ओव्हरटाइम देऊ नये.

सोबत : हंडा एक, कळशी एक. दोन्ही सुस्थितीत.